भुयारात राहिलेली सहा माणसं

चौथा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला. भूल उतरत होती तेव्हाच त्या म्हणाल्या, "आता बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. बाथरूमपुरतं उठायचं. आणि टेन्शन अजिबात घ्यायचं नाही."

पलंग मी सोडणार नव्हतेच. टेन्शन कसं घ्यायचं नाही ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

याआधी माझी दोन बाळं गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. पाचव्यातलं गेलं त्या दिवशी मी शिरोलीच्या कारखान्यात कॉम्प्युटरसमोर बसून पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग काढत होते. काही म्हणजे काही दुखलं नाही. उठून उभी राहिले तेव्हा कळलं, आणि तोवर सगळं हातातून गेलं होतं. त्यामुळे या वेळी मला दुखलं की भीती वाटायची आणि दुखलं नाही की त्याहून जास्त वाटायची.

आम्ही फुलेवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवऱ्याने पलंगाच्या पायथ्याशी दोन-दोन विटा लावल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. आजऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. येताना घनसाळ तांदळाचं पोतं आणि डबाभर काजू घेऊन आल्या. पोतं स्वतःच जिन्यावरून ओढत वर आणलं आणि दारातूनच ओरडल्या, "पडून हाईस न्हवं? उठू नगंस!"

त्या आल्या याचं मला बरं वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये त्या कुणा नातेवाईक बाईला म्हणाल्या होत्या, "दिसभर खुर्चीवर बसून ऱ्हाती ती. जपायला पायजे हुतं." दार अर्धं उघडं होतं. मी ते ऐकलं होतं, आणि त्यांना ठाऊक नव्हतं की मी ऐकलंय. वर्षभर ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं होतं. आता त्याच बाईच्या हातची पेज पिऊन मला पुढचे पाच महिने काढायचे होते.

पहिले काही दिवस मी फोनवर नको ते वाचत पडायचे. कुणाचा टाका सुटला, कुणाचं बाळ कितव्या आठवड्यात गेलं. वाचायचे, रडायचे, बाथरूमला जाऊन तपासून यायचे, परत वाचायचे. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. एका रविवारी त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पोटावर उशी ठेवून तिच्यावर त्याचा जुना लॅपटॉप ठेवला.

"हा खेळ आम्ही हॉस्टेलवर खेळायचो," तो म्हणाला. "तेव्हासुद्धा जुनाट होता. पण यात डोकं गुंततं. बघ तर खरं."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. रेघांच्या भिंती, रेघांची दारं. एक गाव, गावाखाली भुयार, भुयाराखाली आणखी भुयार. आपण सहा माणसांची टोळी तयार करायची, त्यांना नावं द्यायची आणि खाली उतरवायचं. समोरचा एक चौकोन दिसतो, फार तर दोन. त्यापलीकडे अंधार. एकेक पाऊल टाकायचं. कुठल्या पावलाला काय अंगावर येईल, सांगता येत नाही. नकाशा खेळ दाखवत नाही. आपला आपण कागदावर काढायचा. आणि सगळ्यात जाच म्हणजे, मिळवलेलं पक्कं व्हायला टोळीला परत वर गावात यावं लागतं. खाली कुणी मेलं तर मेलं. मागचं पुसून पुन्हा पहिल्यापासून, अशी सोय नाही.

माझी पहिली टोळी पहिल्याच दारापलीकडे मेली. दुसरीही. तिसऱ्या टोळीला निदान परतीचा जिना सापडला. मी चिडून लॅपटॉप बाजूला सरकवला आणि नवऱ्याला म्हणाले, "हा कसला खेळ? यात नुसतं मरायचंच असतं का?"

"मग बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केला नाही. त्या तासाभरात मी एकदाही तपासायला उठले नव्हते. हे मला नंतर जाणवलं आणि दचकलेच. भीती तीच होती. पण ती त्या रेघांच्या बोळात अडकलेली असायची, आणि बोळातून मागे फिरता यायचं.

आत्या दुपारी लसूण सोलत माझ्या पलंगाशेजारी बसायच्या. दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग विचारलं, "ही कोण माणसं म्हणायची?"

मी सांगितलं. पुढे तीन लढणारे, मागे एक मंत्र टाकणारा, एक कुलपं उघडणारा, एक जखमा बऱ्या करणारी.

"आणि नावं काय ठेवलीस?"

मी अजून इंग्रजी अक्षरंच दिली होती. आत्यांना ते पटलं नाही. "अशी बिननावाची माणसं मरायला धाडत्यात व्हय?" मग आम्ही नावं दिली. पुढच्यांना थोरला पैलवान, मधला पैलवान, धाकला पैलवान. मंत्रवाल्याला देवऋषी, कुलपं उघडणाऱ्याला भुरटा, आणि जखमा बऱ्या करणारीला वैदीणबाई. नावं मिळाली आणि आत्या त्या खेळात अडकल्या. टीव्हीवरची मालिका सुटली. दुपारची भांडी घासून झाली की पदराला हात पुसत यायच्या आणि म्हणायच्या, "चल, काढ त्यास्नी भाईर."

आमचं पटायचं नाही. मी भित्री. एक झटापट झाली, कुणाला जरा खरचटलं की मी टोळी फिरवून गावात आणायचे. आत्यांना ते सहन व्हायचं नाही.

"आगं, आत्ता तर गेलती खाली! उंबऱ्यातनंच माघारी फिरलीस तर खजिना काय चालत येणार हाय?"

"वैदीणबाईकडं औषध संपलंय, आत्या."

"थोरला हाय की. लई दांडगा हाय त्यो. उघड ते दार."

मी दार उघडायचे नाही. त्या चिडून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी आपटायच्या. एकदा मी त्यांचं ऐकलं, दार उघडलं आणि आत विषारी किड्यांचं मोहोळ निघालं. धाकला पैलवान विषाने पावलागणिक खचत चालला. कसाबसा वर आणला त्याला. आत्यांनी तेवढा वेळ माझं मनगट असं धरून ठेवलं होतं की तिथे वळ उठले. वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "बया गं, काळजाचं पाणी झालं," आणि लगेच, "उद्या परत जाऊया."

आलेखाच्या कागदावर मी नकाशे काढायचे. कामाची सवय होती, रेघा सरळ यायच्या. पण भुयारात अशा जागा होत्या की पाऊल टाकलं की गुपचूप तोंडच दुसरीकडे फिरायचं. कळायचं नाही. आपण उत्तरेला चाललोय म्हणून काढत राहायचं आणि अर्धा कागद भरल्यावर भिंती एकमेकांत घुसायला लागायच्या. मग खोडायचं. दुपारच्या दुपार वाया जायची. मला रडू फुटायचं, इतका संताप यायचा. एकदा रागाने कागद फाडला तर आत्या म्हणाल्या, "पोट कडक हुतंय बघ. सोड ते." पोट खरंच कडक झालं होतं. मी डावीकडे वळून पडून राहिले, भिंतीकडे बघत, ते सैल होईपर्यंत. आत्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

पाचवा महिना आला तशी मी झोपेनाशी झाले. मागच्या वेळचा दिवस यायचा होता. तो आला, गेला. नवऱ्याने पेढे आणावेत का म्हणून विचारलं तर मी त्याच्यावर ओरडले. कशाचे पेढे? अजून कुठे काय झालंय?

सहाव्या महिन्यात एका दुपारी आमची टोळी चौथ्या भुयारात होती. इतक्या खाली आम्ही पहिल्यांदाच उतरलो होतो. वैदीणबाईचं औषध संपलं होतं, देवऋषीचा दिवा विझत आला होता, आणि नकाशाच्या कडेशी येऊन आम्ही पुढे जावं की मागे यावर भांडत होतो. मी म्हणाले, थांबा, जाऊन येते. बाथरूममध्ये गेले. आणि कपड्यावर गुलाबी डाग दिसला.

रुपयाएवढासुद्धा नव्हता. दोनदा प्रयत्न केल्यावर "आत्या" एवढंच तोंडातून आलं.

नवरा फाउंड्रीत कामावर होता, भट्टीजवळ असला की फोन उचलत नाही. आत्यांनी तीनदा लावला आणि सोडून दिला. अनवाणी खाली पळाल्या आणि रस्त्यातून रिक्षा थांबवून आणली. मी मागच्या सीटवर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पाय दुमडून पडले. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटायचे.

"ओ पावणं, हळू की!" आत्या ओरडत होत्या. "पोटुशी पोर हाय माझी!"

"हळूच चाललोय की मावशी."

"आनी हळू!"

मागची वाहनं हॉर्न वाजवत होती. आत्यांनी रिक्षाबाहेर डोकं काढून त्यांना आजऱ्याच्या बाजारातल्या शिव्या दिल्या. मी त्यांच्या पातळाला लसणाचा वास येतोय एवढ्यावरच मन धरून होते.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीभर ठोक्यांचा आवाज झाला. "आहे," त्या म्हणाल्या. "टाका धरून आहे. पण आता काही दिवस इथेच राहायचं."

मी दवाखान्यात राहिले. रात्री नवरा थांबायचा. दिवसा आत्या घरी जाऊन पेज, भाजी करून आणायच्या. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. डबा टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं, बसल्या. मग म्हणाल्या, "मेली गं सगळी."

मी उशीवरून मान उचलली. "कोण मेलं?"

"थोरला. मधला. समदीच. वैदीणबाई शेवटाला मेली."

लॅपटॉप पलंगावर तसाच चालू राहिला होता, वायर लावलेली. पहिले दोन दिवस आत्यांनी त्याला हात लावला नव्हता. पण सहा माणसं अंधारात उभी आहेत हे त्यांना स्वयंपाक करताना दिसत राहिलं. "म्हणलं, त्यास्नी वर आणावं. तुला येऊन सांगावं, आली सगळी सुखरूप. बाणाची बटनं ठाव हुती मला. जिना घावना. डावीकडं गेले, मग उजवीकडं गेले, एक खड्डा लागला..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुला सांगणार न्हवते. पर तू घरी आलीस की बगणारच."

मला हसू आलं. हसले की पोटाला ताण बसेल म्हणून मी उशी दाबून धरली, आणि मग कधी रडायला लागले कळलं नाही. रडता रडता माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून नाही.

"आत्या, मागच्या वेळी तुम्ही पॅसेजमध्ये म्हणालात. जपायला पाहिजे होतं म्हणून. मी ऐकलं होतं."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. नाकारलं नाही. आठवत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

"म्हणलं व्हय," त्या म्हणाल्या. "भ्याले हुते. भ्याले की माझं त्वांड असंच चालतंय. माझं पयलं गेलं तवा माझी सासू बी हेच म्हणालती."

त्यांचं पहिलं गेलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नसावं. मी पुढे विचारणार तेवढ्यात सिस्टर आत आल्या, माझं तोंड बघून आत्यांना म्हणाल्या, "आजी, पेशंटला रडवू नका." आत्या उठून डबा उघडायला लागल्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं, पॅसेजचं सोडून. तो म्हणाला, "मेलेली माणसं भुयारातच पडून असतात. दुसरी टोळी पाठवून त्यांना उचलून आणता येतं. गावातल्या देवळात जिवंत करतात. पण टोळी तिघांचीच पाठवायची, म्हणजे तिघांना आणायला जागा राहते."

आत्या ताठ बसल्या. "मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

आम्ही तीन बायका तयार केल्या. हा आत्यांचा हट्ट. "बाप्ये लई लौकर मरत्यात," त्या म्हणाल्या. या तिघी नवख्या, हातात काठ्या. चौथ्या भुयारापर्यंत जायला त्यांना आधी तयार करायला हवं होतं. त्यात माझा सातवा महिना गेला. आता आत्या दार उघड म्हणायच्या नाहीत. मीच म्हणायचे, जाऊया अजून थोडं, आणि त्या म्हणायच्या, "नगो. माघारी फिर." पलीकडच्या खोलीतून नवरा हसायचा.

शिवाय प्रेतं नेमकी कुठे पडलीत ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्या माझ्या नकाशाच्या कडेपलीकडे गेल्या होत्या. मी रोज विचारायचे, "खड्ड्यातून पडल्यावर कुठं वळलात?" त्या डोळे मिटून आठवायच्या, हवेत बोटं फिरवायच्या. "डावीकडं. न्हाई, थांब. भित हुती समोर. मग... कुणास ठाव गं." एकेक बोळ चाचपत आम्ही हुडकत होतो. एकदा तिघींपैकी एकीचा जीव शेवटच्या एका अंकावर आला होता. आत्या देवघरात जाऊन बसल्या आणि "झालं का? झालं का?" विचारत राहिल्या.

सापडली एकदाची. एका बंद बोळाच्या टोकाशी. पडद्यावर नुसती नावं आली. आम्ही थोरला, भुरटा आणि वैदीणबाई यांना उचललं. वर आणेपर्यंत आम्ही दोघी पाणी प्यायलो नाही.

देवळात वैदीणबाई उठली. भुरटा उठला. थोरला पैलवान उठला नाही. त्याची राख झाली. राखेवरही एकदा प्रयत्न करता येतो. आत्या म्हणाल्या, कर. मी बटण दाबलं. त्याचं नाव यादीतून गेलं.

आत्या उठल्या. खिडकीशी गेल्या. हवा स्वच्छ असली की आमच्या खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसतो. त्यांनी तिकडे बघून हात जोडले आणि वळून मला म्हणाल्या, "खेळ हाय त्यो. मनाला लावून घिऊ नगंस." हा अपशकुन तर नाही, हे त्यांच्यासारखंच माझ्याही मनात आलं होतं आणि मी ते उच्चारणार नव्हते. तो सबंध दिवस मी पोटावर हात ठेवून हालचाल मोजत होते, आणि मी मोजतेय हे त्या बघत होत्या.

चार-पाच दिवस आम्ही लॅपटॉप उघडला नाही. उरलेले तिघे तिथेच होते. आणायला जाऊ, जाऊ म्हणत असताना आठवा सरता सरता एका सकाळी माझं पाणी गेलं. या वेळी आत्या ओरडल्या नाहीत. पिशवी भरूनच ठेवलेली होती.

मुलगी झाली. रडली, पण फार बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. मला तिचं एक पाऊल दाखवलं आणि काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले. दोन दिवसांनी मला तिला छातीशी धरायला दिलं. कातडीला कातडी लावून, वर चादर. नाकात नळी, पायाला लाल दिवा. शेजारच्या यंत्रावर तिच्या श्वासाचे, ठोक्यांचे आकडे वर-खाली व्हायचे आणि खाली गेले की ते पिपाणीसारखं वाजायचं. मी तिच्याकडे बघतच नव्हते, आकड्यांकडे बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "बाळाकडे बघा. यंत्राकडे आम्ही बघतो." ऐकलं, पण मान परत तिकडेच वळायची.

चौथ्या दिवशी मला ताप भरला. बाळाजवळ जायची बंदी झाली. मी काचेबाहेर खुर्चीवर बसून रडत होते. सिस्टरनी आत्यांना आत घेतलं आणि दार उघडंच असताना त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही धरा. आजीने धरलं तरी चालतं."

"मी?" आत्या म्हणाल्या. "माझ्या हातनं नगो."

त्या मागे सरकल्या. खरोखरच दाराकडे निघाल्या. मी काचेवर टकटक केलं, तर त्यांनी वळून बघितलं. मी मान हलवली. सिस्टरनी दार लावून त्यांना हात धुवायला लावले, गाऊन दिला, आरामखुर्चीत बसवलं आणि त्या एवढ्याशा जिवाला त्यांच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. आत्या लाकडासारख्या ताठ झाल्या. ओठ हलले. आत काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. ते सिस्टरनी नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "मी श्वास घिऊ का नगो?"

"घ्या की आजी," सिस्टर म्हणाल्या होत्या. "तुमचा ऐकूनच ती घेणार आहे."

घरी यायला आम्हाला आणखी दोन आठवडे लागले. खेळ पुढे खेळलो नाही. तो लॅपटॉप नंतर बिघडला. पण त्या दुपारी ताप उतरेपर्यंत मी काचेबाहेर बसून होते. आतमध्ये आत्यांची छाती हळूहळू वर व्हायची, खाली जायची, आणि तिच्याबरोबर माझी मुलगी.